आईबाबांसाठी थेट न्यूयॉर्क की अबुधाबीमार्गे?

मुंबईहून आईबाबांना न्यूयॉर्कला बोलवायचंय, थेट विमान घेऊ की अबुधाबीमार्गे, असं मैत्रीण विचारत होती. थेट विमानात १५-१६ तास एकाच खुर्चीत. पाय सुजतात, आणि मधल्या सीटवर बसलेल्या बाबांना शेजाऱ्याला उठवायचा संकोच, म्हणून ते पाणीच पीत नाहीत. पण विमान बदलायची धास्ती नाही.

अबुधाबीमार्गे आधी ३ तास, मग जवळपास १४. म्हणजे मोठा पल्ला चुकत नाहीच! फक्त मध्ये पाय मोकळे होतात. शिवाय अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं. तिकीटही बहुधा स्वस्त.

दोघंच येणार आणि इंग्रजीची भीती असेल, तर थेटच. मधल्या वाटेलगतची सीट पैसे भरून घ्या, व्हीलचेअर आधीच नोंदवा. हिंडतेफिरते पण गुडघे आखडणारे असतील, तर अबुधाबी. मधला थांबा मात्र ३ तासांहून कमी नको.