जुन्या खिडक्या: सुताराची दुरुस्ती आणि अ‍ॅल्युमिनियमचा अनुभव

बडोद्यात दांडिया बाजारातील आमचे घर भाड्याने दिलेले आहे. तेथील सागवानी खिडक्या पावसाळ्यात फुगून अडकतात, अशी भाडेकरूंची तक्रार आल्यावर रस्त्याकडच्या खोलीत दोन ट्रॅकची अ‍ॅल्युमिनियमची सरकती खिडकी बसवली आणि मागच्या खोलीतील खिडक्या सुताराकडून दुरुस्त करून घेतल्या. नव्या खिडकीने धूळ आणि वाहनांचा आवाज निश्चित कमी झाला; परंतु ती एका वेळी निम्मीच उघडते, आणि पारा 40 अंशांपलीकडे जाणाऱ्या येथील उन्हाळ्यात ही उणीव फार जाणवते. सुताराने झडपांच्या कडांना रंधा मारला, कुजलेली खालची पट्टी तेवढी बदलली, नव्या बिजागऱ्या बसवल्या आणि उघड्या पडलेल्या कडांना तेलाचा हात दिला, कारण ओल तेथूनच शिरते. काम अत्यंत नेटके झाले आणि खर्चही पुष्कळ कमी आला. घरभाड्याच्या उत्पन्नावर आयकरात 30 टक्क्यांची ठरावीक वजावट मिळते. दुरुस्तीवर कितीही खर्च केला तरी ती वाढत नाही, हे घरमालकांनी ध्यानात घ्यावे. चौकट शाबूत असेल तर सागवान काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिन्यातील खिडकीच्या चौकटीला मात्र वाळवी लागली असल्याने, तेथे अ‍ॅल्युमिनियमपेक्षा कमी तापणारी यूपीव्हीसीची, म्हणजे एका प्रकारच्या कडक प्लास्टिकची, खिडकी बसवणार आहोत.