‘रीसेट मारू नका’ म्हणणाऱ्याकडून पीएस५ घेऊ नका

कोल्हापुरात सेकंडहँड पीएस५ (टीव्हीला जोडून खेळायचं सोनीचं गेमचं मशीन) बघत असाल तर टोकन देण्याआधी हे वाचा. माझे ३१,५०० रुपये गेलेत. त्यानंतर पाठीमागं आणखी २,६९९ गेले, ते वेगळेच. महिनाभर घरात आणि वर्कशॉपवर कुणाला सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. पण परवा त्याच माणसाची तीच जाहिरात पुन्हा दिसली, म्हणून लिहितोय.

पोराला दहावीत ८७.४० टक्के पडले. त्याला पीएस५ चा शब्द दिला होता. आमची मंगळवार पेठ म्हणजे फुटबॉलचं वेड, शाहू स्टेडियमवर मॅच असली की गल्ली रिकामी. पोरांना तोच खेळ टीव्हीवर खेळायचा असतो. मी बघितलं तेव्हा नवीन मशीन ५४,९९० ला होतं. २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आलं तेव्हा ४९,९९० होतं. वर्षं गेली की इलेक्ट्रॉनिक वस्तू स्वस्त होते म्हणतात, ही महाग झाली. मला ते झेपणारं नव्हतं, म्हणून जुनं बघायला लागलो. जुनं घेणं हा काही गुन्हा नाही.

जाहिरात अशी होती: ‘पीएस५ डिस्क एडिशन, ३२ गेम्स लोडेड, बॉक्ससकट, ३३,०००, थोडं कमीजास्त होईल.’ फोन केला तर विकणारा पोरगा बोलायला एकदम गोड. ‘दादा, अजून दोन पार्ट्या येणार आहेत, टोकन टाका, तुमच्यासाठी ठेवतो.’ १,००० रुपये टाकले. हे सगळं कसं चालतं ते तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत होतं. तरी टाकले.

रविवारी संध्याकाळी पोराला घेऊन फुलेवाडी रिंगरोडला गेलो. भाड्याचा फ्लॅट, हॉलमध्ये निळी फरशी, भिंतीला टीव्ही. मशीन आधीच चालू करून ठेवलं होतं.

मी उद्यमनगरात २२ वर्षं काढलीत. आधी दुसऱ्याच्या लेथवर (लोखंड कापून घडवायचं मशीन), आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. जुनी मशिनं घेतलीत, विकलीत. म्हणून इथंही तसंच बघितलं. पंख्याचा आवाज ऐकला, मागं हात लावून किती तापतंय बघितलं, सगळी पोर्ट बघितली, कंट्रोलरची दोन्ही स्टिकं फिरवून बघितली. पोरानं फुटबॉलचा गेम वीस मिनिटं खेळला. मशीन मख्खन चालत होतं. मी आंधळेपणानं घेतलं असं कुणी म्हणू नका.

आता जिथं कळायला पाहिजे होतं ते सांगतो.

मी विचारलं, ‘ह्यात गेमचं खातं कुणाचं आहे?’ तो म्हणाला, ‘माझंच आहे दादा, राहू दे तसंच. लॉगआउट करू नका, आणि रीसेट तर अजिबात मारू नका, सगळे गेम उडतील.’

मी मान हलवली. गेम जाऊ नयेत म्हणून सांगतोय, चांगला पोरगा आहे, असं वाटलं. हेच जर कुणी लेथ विकताना त्यातल्या मुख्य भागाबद्दल म्हणालं असतं, ‘हेडस्टॉक तेवढा उघडू नका’, तर मी चहासुद्धा न पिता उठलो असतो. अंगावर काटा येतो आता. २२ वर्षांचा अनुभव त्या एका वाक्याला कामाला आला नाही, कारण मी लोखंड बघत होतो. खरी मालकी लोखंडात नसतेच, त्या खात्यात असते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुसरं त्याहून जास्त लागतं. पोराच्या सॅकमध्ये मित्राची एक गेमची डिस्क होती. त्यानं हळूच विचारलं, ‘पप्पा, डिस्क लावून बघू?’ तो विकणारा लगेच म्हणाला, ‘अरे ३२ गेम आत आहेत, डिस्क कशाला पाहिजे तुला?’ आणि मी पोराला म्हटलं, ‘गप बस जरा, आम्ही बोलतोय न्हवं.’ त्यानं सॅकची चेन परत लावली. त्या चेनचा आवाज मला अजून ऐकू येतो.

तिसरं, यूपीआयवर नाव त्याचं नव्हतं. ‘मित्राचं खातं आहे, माझ्या बँकेचं लिमिट संपलंय.’ २०,५०० त्या नावावर पाठवले आणि १०,००० रोख दिले. बिल मागितलं तर ‘घर बदलताना हरवलं’. बॉक्सवरचा सीरियल नंबर आणि मशीनवरचा नंबर वेगवेगळा होता, हे मी पुढं पंधरा दिवसांनी बघितलं.

अकरा दिवस सगळं झकास चाललं. बाराव्या दिवशी शाळेचे मित्र घरी आले असताना पोरानं मशीन लावलं, तर गेमच्या एकेका चौकोनावर छोटं कुलपाचं चित्र. एक दाबला, दुसरा दाबला, सगळ्यांना कुलूप. पोराचं तोंड एवढंसं झालं. मित्र म्हणाले नेटचा प्रॉब्लेम असेल. मी विकणाऱ्याला फोन लावला, तर नंबर बंद.

शेवटी एका रिपेअरवाल्याकडं नेलं. ५०० रुपये घेतले, पण माणूस प्रामाणिक होता, समजावून सांगितलं. डाउनलोड केलेला गेम मशीनचा नसतो, ज्या खात्यावर घेतला त्या खात्याचा असतो. खातेदार एका पीएस५ वर शेअरिंग चालू करू शकतो, मग त्या मशीनवर घरातल्या कुणालाही ते गेम खेळता येतात. ही सोय घरच्यांसाठी केलेली. ह्या गड्यानं माझ्या मशीनवर ती चालू ठेवली, पैसे घेतले, आणि नंतर बंद करून दुसऱ्या मशीनवर चालू केली. घरी बसल्या बंद करता येतं, माझ्या दाराशी यायचीही गरज नाही. म्हणजे तेच ३२ गेम तो मला, मग तुम्हाला, मग तिसऱ्याला विकणार. त्यातही बरेचसे गेम विकत घेतलेलेच नव्हते, मासिक मेंबरशिपमधून उतरवलेले होते. ती संपली की ते तसेही बंदच पडणार होते.

मी म्हटलं, जाऊ दे, डिस्क आणून खेळू. येताना २,१९९ ची नवी डिस्क घेतली. मशीननं ती आत ओढली, घर्र घर्र केलं, आणि बाहेर टाकली. परत घातली, परत बाहेर. सहा वेळा घातली.

परत रिपेअरवाल्याकडं गेलो. त्यानं बाजूची पांढरी प्लेट काढली. ती हातानं सरकवून निघते, स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. आतल्या दोन स्क्रूंवर जे सीलचे स्टिकर असतात ते फाटलेले होते. ‘दोन मेलेल्या मशीनचं एक केलंय,’ म्हणाला. डिस्क वाचणारा ड्राइव्ह दुसऱ्या मशीनचा बसवलेला. ह्या जुन्या मॉडेलच्या पीएस५ चा डिस्क ड्राइव्ह आणि मदरबोर्ड (आतला मुख्य बोर्ड) कारखान्यातच एकमेकांना जोडलेले असतात, ड्राइव्हच्या बोर्डची ओळख मदरबोर्डला पटली नाही तर गेमची डिस्क चालत नाही. कॉपी करणाऱ्यांना रोखायला हे कुलूप घातलंय. ड्राइव्हचा मूळ बोर्ड असता तर दुरुस्त झालं असतं, तो कुठल्या कचऱ्यात गेला देव जाणे.

ह्या कुलपांबद्दल मला बोलायचंच आहे. माझ्या लेथचा चक, म्हणजे काम पकडणारा जबडा, गेला तर मी दुसरा आणून बसवतो, लेथ मला विचारत नाही की हा कुणाचा. चोरी रोखायला कुलूप असावं, मान्य आहे. पण इथं चोर आरामात आहे आणि पैसे मोजून घेणारा अडकला. डिस्क होती तोवर आमच्या गल्लीत एक गेम सहा घरं फिरायचा, खेळून झाला की अर्ध्या किमतीला विकला जायचा. डाउनलोडचा गेम ना देता येतो ना विकता येतो, आणि नवा घ्यायला जावं तर एकेकाला हजारो रुपये. माझं पोरगं सांगत होतं, ‘द क्रू’ नावाचा गाड्यांचा गेम ३१ मार्च २०२४ ला कंपनीनं कायमचा बंद केला. ज्यांनी पूर्ण पैसे भरले होते त्यांनाही तो खेळता येईना. त्याच वर्षी कॅलिफोर्नियानं कायदा केला की तुम्ही गेम नाही, फक्त वापरायचा परवाना घेताय, हे दुकानानं स्पष्ट लिहायचं. तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडं हे कुणी ठळक अक्षरात लिहून सांगत नाही, म्हणून असल्या पोरांचं फावतं.

आता तक्रारीचं ऐका. बँकेत गेलो. ‘पिन तुम्हीच टाकला ना? मग आम्ही काय करणार?’ ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांच्याकडून तयार उत्तर आलं, ‘आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे’, आणि पुढं काही नाही. पोलीस ठाण्यात तीन वेळा गेलो, तीन वेळा अर्धा दिवस वर्कशॉप बंद. पहिल्या वेळी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या वेळी हद्दीचा घोळ, राहता इकडं आणि व्यवहार तिकडं. तिसऱ्या वेळी हवालदार म्हणाले, ‘मशीन तर तुमच्याकडंच हाय न्हवं? मग फसवणूक कसली? गेमसाठी आलाय व्हय एवढं?’ शेजारी बसलेली माणसं हसली. मी ४६ वर्षांचा माणूस, तिथं उभा राहून कुलपाचं चित्र मोबाईलवर दाखवत होतो. मग सांगितलं, दिवाणी मामला आहे, कोर्टात जा.

दिवाणी कसला? एकच वस्तू तिघांना विकायची, मोडकं मशीन चांगलं म्हणून द्यायचं, दुसऱ्याच्या नावावर पैसे घ्यायचे, ही सरळसरळ फसवणूक आहे. पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८(४) आहे. गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचं कारण चालत नाही. ठाण्यानं नोंदवून घेतला नाही तर नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पोस्टानं पाठवता येते. हे मला ओळखीच्या वकिलांनी सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, घरगुती वस्तू विकणारा व्यापारी ठरत नाही. अहो, जो दर महिन्याला एक पीएस५ विकतो तो व्यापारी नाही तर कोण?

आणि १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन पहिल्या तासात करायचा असतो, पैसे पुढं सरकायच्या आत. मी तेराव्या दिवशी केला. ती चूक माझी.

घ्यायला जाल तेव्हा डिस्क सोबत न्या आणि लावून बघा, विकणारा काहीही म्हणू दे. पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर रीसेट मारा, आपल्या मोबाईलचं नेट जोडा, आपलं खातं घाला. आतल्या गेम्सची किंमत शून्य धरा. प्लेट सरकवून सील बघा, दहा सेकंदांचं काम आहे. सेटिंगमधला सीरियल नंबर, मशीनवरचा आणि बॉक्सवरचा, तिन्ही जुळवा. समोरच्या माणसाच्या नावावर पैसे जात नसतील तर उठा. आणि पोरं काही विचारत असतील तर ऐका, ह्यातलं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

परवाच्या जाहिरातीत फोटोखाली तीच निळी फरशी आहे. किंमत ३०,०००, गेम्स ३२. मी स्क्रीनशॉट काढून ठेवलाय. शोधल्यावर आणखी दोघं सापडले, एक इचलकरंजीचे, त्यांचे २९,००० गेले, आणि एक कागलचे, ३३,५००. तिघांच्या सह्यांचा अर्ज सोमवारी स्पीड पोस्टानं अधीक्षक कार्यालयाला पाठवतोय. फुलेवाडी रिंगरोडवरच्या निळ्या फरशीच्या फ्लॅटमधून कुणी मशीन घेतलं असेल तर रविवारपर्यंत कळवा, चौथी सही घालू. यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि जाहिरातीचा फोटो डिलीट करू नका, आणि मशीन रिपेअरला टाकलं असेल तर उघडायच्या आधी सीलचा फोटो काढून घ्या.