टॅली प्राइम, तिमाही जीएसटी आणि आयटीआर-४ : किराणा-जनरल स्टोअरमधल्या वर्षभराच्या वापरानंतर

वर्षाला ऐंशी लाखांच्या आसपास विक्री, मालक एकटाच, खरेदी-विक्री सगळी राज्यातच. अशा दुकानाला टॅली प्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरची एका संगणकाची सिल्व्हर आवृत्ती भरपूर झाली. मात्र आधी जीएसटीचा आणि आयकराचा कुठला फॉर्म भरायचा ते ठरवावं आणि मगच लेजर (हिशेबाची खाती) उघडावीत. उलट केलं तर सगळा निस्तार मार्चअखेरीला करावा लागतो.

कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांसाठीच्या जीएसटीच्या सोप्या योजनेत) विक्रीवर १ टक्का कर स्वतःच्या खिशातून जातो, खरेदीवरचं क्रेडिट मिळत नाही आणि जीएसटी नंबरवाल्या गिऱ्हाइकालाही ते देता येत नाही. आसपासचे छोटे दुकानदार माल नेत असतील तर नेहमीचा जीएसटी तिमाही पद्धतीने घ्यावा. जीएसटीआर-१ (विक्रीचं विवरण) तिमाहीनंतरच्या महिन्यात तेरा तारखेला, जीएसटीआर-३बी (एकूण कराचं विवरण, पुढे नुसतं ३बी) महाराष्ट्रात बावीसला. तिमाहीतल्या पहिल्या दोन महिन्यांचा कर त्या-त्या पुढच्या महिन्याच्या पंचवीसपर्यंत चलनाने भरायचा. टॅलीत एफ-११ कळ दाबून उघडणाऱ्या सेटिंगमधल्या जीएसटीच्या तपशिलात कालावधी ‘तिमाही’ केला नाही, तर रिपोर्ट महिन्याचेच निघतात.

जुलै २०२५ पासून ३बी मधला विक्रीवरचा कर हाताने बदलता येत नाही. चूक दिसली तर ३बी भरण्याआधी जीएसटीआर-१ए मधून सुधारावी लागते. म्हणून पोर्टलवर चढवायची जेसन फाइल काढण्यापूर्वी टॅलीतली ‘अनसर्टन ट्रान्झॅक्शन्स’ची (दुरुस्ती हव्या असलेल्या नोंदींची) ओळ शून्यावर आणायचीच. तिथे बहुतेक वेळा एचएसएन (मालाचा वर्गीकरण क्रमांक) नसलेली वस्तू किंवा पार्टीचा चुकलेला जीएसटी नंबर सापडतो.

खरी परीक्षा झाली २२ सप्टेंबर २०२५ ला. अंगाच्या साबणाच्या वड्या, शांपू, टूथपेस्ट यांचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. टॅलीत नवा दर ‘लागू दिनांक’ टाकून वेगळ्या ओळीत भरायचा. जुन्या ओळीवरच ५ लिहिलं, तर आधीच्या बिलांतला कर मास्टरशी (वस्तूच्या मूळ नोंदीशी) जुळत नाही आणि ती बिलं दुरुस्तीच्या यादीत येऊन पडतात. २१ तारखेपर्यंत विकलेला माल परत आला तर क्रेडिट नोट जुन्याच दराने. एका दराच्या वस्तू एकाच स्टॉक ग्रुपमध्ये असतील आणि दर ग्रुपवर लावलेला असेल, तर हे काम एकदाच करावं लागतं. शेकडो वस्तूंना एकेक दर लावून ठेवणं ही सुरुवातीलाच टाळण्यासारखी चूक आहे.

आता आयकर. १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ४४एडी खाली (छोट्या व्यापाऱ्याने विक्रीवर ठरावीक टक्के नफा धरायची सोय) रोखीच्या विक्रीवर ८ टक्के, बँक-यूपीआयने आलेल्यावर ६ टक्के नफा धरतात. ऐंशीपैकी पन्नास लाख यूपीआयने आले असतील तर नफा ३ लाख अधिक २ लाख ४० हजार, म्हणजे ५ लाख ४० हजार. ही विभागणी दाखवता आली नाही तर सरसकट ८ टक्क्यांनी ६ लाख ४० हजार. टॅली ही विभागणी आपोआप करत नाही. यूपीआय, कार्ड आणि रोख यांची लेजर पहिल्या दिवसापासून वेगळी हवीत. ‘काउंटर सेल’ म्हणून सगळं कॅशमध्ये टाकलं की मागाहून बँकेच्या स्टेटमेंटमधून उकरत बसावं लागतं. उधारी मात्र ३१ मार्चनंतर, पण रिटर्नच्या मुदतीआधी यूपीआयने आली, तरी ६ टक्क्यांतच धरता येते.

४४एडी वाल्यांच्या आयटीआर-४ या आयकर फॉर्ममध्ये शिल्लक माल, येणं, देणं आणि हातातली रोकड हे चार आकडे सक्तीचे. खरेदीची बिलं उशिरा चढवली की टॅलीत काही वस्तूंचा साठा उणे दिसतो आणि पहिलाच आकडा चुकतो. जीएसटी नंबर आणि वर्षाची विक्रीही लिहायची असते, ती ३बी शी ताडून घ्यावी.

दुकानात मोबाइल रिचार्जचं किंवा एजन्सीचं कमिशन मिळत असेल तर त्याला ४४एडी लागत नाही. मग आयटीआर-३ भरावा लागतो. तोटा पुढे ओढायचा असेल तरीही तोच. जुनी करप्रणाली हवी असेल तर रिटर्नच्या मुदतीत आधी फॉर्म १०-आयईए भरायचा.

व्यवसाय कराची मालकाची २,५०० रुपयांची रक्कम ३० जूनपर्यंत महाजीएसटीच्या पोर्टलवर वेगळी भरायची असते. जीएसटीच्या रिटर्नमध्ये ती कुठेच येत नाही, म्हणून तिची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरच लिहून ठेवलेली बरी.