‘मी देते, मी देते’च्या भरात

बिलाच्या तळाशी तीन ओळी होत्या: एस. सी. १० टक्के, सीजीएसटी २.५ टक्के, एसजीएसटी २.५ टक्के. एकाच ठशात, एकाखाली एक. बघणाऱ्याला वाटावं, तिन्ही सरकारी करच आहेत. पहिली ओळ म्हणजे सर्व्हिस चार्ज, त्याचा सरकारशी काही संबंध नाही. आणि खालचे दोन कर गिऱ्हाईकाकडून घ्यायचा त्या रेस्टॉरंटला अधिकारच नव्हता, हे दुसऱ्या दिवशी कळलं.

रेस्टॉरंटचं नाव लिहीत नाही, शहराचंही नाही. नाव लिहिलं तर लोक तेवढं एक टाळतील आणि पलीकडच्या चौकात असंच बिल भरून येतील.

मी आणि माझी कॉलेजपासूनची मैत्रीण बऱ्याच काळाने निवांत भेटत होतो. जागा नवी, रेटिंग पाचाच्या अगदी जवळ, टेबल तिनेच बुक केलं होतं. बोलायचं इतकं साठलं होतं की जेवण हे निमित्तच. माझं आता ठाम मत झालंय की अशी टेबलं तिथल्या लोकांना लांबून ओळखू येतात. एकटा माणूस मेनू वाचतो. कुटुंब मेनूवर वाद घालतं. दोन जिवलग मैत्रिणी मेनू बाजूला सारतात आणि वेटरला म्हणतात, “तुम्हीच सांगा, काय चांगलं आहे?”

छापील मेनू तिथे नव्हताच. टेबलावर क्यूआर कोड चिकटवलेला. तो उघडला की पान सरकता सरकत नव्हतं, मध्येच पुन्हा पहिल्यापासून लोड व्हायचं. “राहू द्या मॅडम, मी सांगतो ना,” असं म्हणून वेटर पदार्थ सांगू लागला. तोंडी सांगितलेल्या पदार्थाला किंमत नसते, ती बिलावर उगवते. आम्ही मागवण्याआधीच एक छोटी बशी समोर आली. “शेफकडून,” तो म्हणाला. शेफकडून म्हटल्यावर पैसे कोणाकडून, हे कोण विचारणार? बिलात ती बशी होती. माणशी एक, म्हणजे दोन.

मग मासा. मेनूवर त्याच्या पुढे आकडा नव्हता, ‘एपीएस’ लिहिलेलं. ॲज पर साइज, आकाराप्रमाणे दर. यात मुळात गैर काही नाही, मासे खाणाऱ्यांना हे सवयीचं आहे. आख्खा मासा ट्रेमधून आणून दाखवतात, तुम्ही मान डोलावता, तो आत जातो. दर कसा, असं मैत्रिणीने विचारलंही. “आजचा रेट आहे मॅडम, जास्त नाही,” एवढंच उत्तर मिळालं आणि तेवढ्यात दुसऱ्या टेबलावरून त्याला हाक आली. बिलावर जे वजन छापलं होतं, तेवढा मासा त्या ट्रेमध्ये मावला नसता. पण हे सिद्ध कसं करायचं? पुरावा आपणच खाल्लेला असतो. वजनावर दर असेल तर मासा आत जाण्याआधी आपल्यासमोर काट्यावर ठेवायला सांगायचं आणि वजन व दर ऑर्डरच्या कागदावर लिहून घ्यायचे. काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का असतो, तोही बघता येतो. यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही. मासळी बाजारात आपण हेच करतो, फक्त तिथे दिवे मंद नसतात.

जेवण संपत आलं, बिल यायचं होतं, तेव्हा वेटर हसत फोन घेऊन आला. पाच स्टारचा रिव्ह्यू लिहिला तर डेझर्ट आमच्याकडून. मैत्रिणीने लगेच लिहून टाकला, जेवण खरोखरच चांगलं होतं. पण क्रम बघा. गिऱ्हाईक खूश असतं बिल येईपर्यंत, म्हणून रिव्ह्यू बिलाच्या आधी. पाचाजवळचं ते रेटिंग कुठून आलं, हे तेव्हा समजलं. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते रिव्ह्यू गोळा करणाऱ्या आणि दाखवणाऱ्या संस्थांसाठी आहे आणि मुळात ऐच्छिक आहे. डेझर्टच्या बदल्यात मिळालेले तारे त्याने ओळखू येत नाहीत. मी आता कुठलीही नवी जागा बघताना तीन आणि दोन ताऱ्यांचे रिव्ह्यू आधी वाचते. बिलाच्या तक्रारी बहुधा तिथेच सापडतात, कारण ते लिहिणारे घरी जाऊन लिहितात.

आणि मग तो क्षण, ज्यावर ही सगळी रचना उभी आहे. काळ्या पाकिटात बिल आलं. मी हात घातला, तिने ओढलं. “अगं वेडी आहेस का, मी बोलावलंय तुला.” “मागच्या वेळी तूच दिलं होतंस.” वेटर कार्डाचं मशीन हातात घेऊन कौतुकाने हसत उभा. दोन माणसं बिलावरून अशी प्रेमाने भांडत असतात तेव्हा बिल वाचणं हा अपमान ठरतो. जी देणार ती वाचत नाही, कारण मैत्रिणीसमोर पैसे मोजल्यासारखं दिसेल. जिला द्यायचं नाही तिने डोकावणं तर फारच वाईट. तिने फक्त शेवटचा आकडा बघितला, भुवया किंचित वर गेल्या, कार्ड दिलं. ती भुवई माझ्या लक्षात राहिली. म्हणून दुसऱ्या दिवशी अर्धे पैसे देण्याच्या निमित्ताने मी तिच्याकडून बिलाचा फोटो मागून घेतला.

सर्व्हिस चार्जबद्दल नियम अगदी स्वच्छ आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेल किंवा रेस्टॉरंटने बिलात तो आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाने वसूल करायचा नाही, देणं ऐच्छिक आहे हे गिऱ्हाईकाला सांगायचं, आणि नाही म्हणणाऱ्याला प्रवेश नाकारायचा नाही. जेवणाच्या बिलात मिळवून त्यावर जीएसटी लावणंही चालणार नाही. रेस्टॉरंटचालकांच्या संघटना कोर्टात गेल्या, त्या महिन्यातच सूचनांना स्थगिती मिळाली आणि ती बरीच टिकली. “कोर्टाने स्टे दिलाय” हे उत्तर काही ठिकाणी अजून मिळतं ते त्यामुळे. पण २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्या याचिका फेटाळल्या आणि सूचना योग्य ठरवल्या.

आमच्या बिलात १० टक्के तर लावले होतेच, वर जीएसटीही ते धरून आलेल्या रकमेवर होता. शंभराच्या जेवणावर दहा सर्व्हिस चार्ज, मग एकशेदहावर पाच टक्के, म्हणजे साडेपाच. शंभराचे झाले एकशे साडेपंधरा.

त्यातही गंमत अशी की तो कर घ्यायचाच नव्हता. बिलावर पंधरा अंकी जीएसटी क्रमांक होता. जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर हा क्रमांक कुणालाही शोधता येतो, लॉगिन लागत नाही. मी टाकला. नाव बरोबर निघालं, पण करदात्याच्या प्रकारापुढे लिहिलं होतं ‘कंपोझिशन’. छोट्या व्यावसायिकांसाठी ही सोपी योजना आहे. या योजनेतलं रेस्टॉरंट उलाढालीवर ५ टक्के कर स्वतःच्या खिशातून भरतं, गिऱ्हाईकाकडून वेगळा घेऊ शकत नाही. त्याने टॅक्स इन्व्हॉइस द्यायचं नसतं, ‘बिल ऑफ सप्लाय’ द्यायचं असतं, आणि आपण कंपोझिशनमध्ये आहोत, कर गोळा करू शकत नाही, हे त्यावर छापायचं असतं. तसा फलकही दिसेल असा लावायचा असतो. फलक मला आठवत नाही. सीजीएसटी आणि एसजीएसटीच्या ओळी मात्र समोर होत्या.

सर्वांत जास्त चिडली ती मैत्रीण पाण्याच्या बाटलीवरून. छापील किमतीपेक्षा बरेच जास्त लावले होते. इथे मात्र कायदा आपल्या बाजूने नाही. हॉटेल आणि रेस्टॉरंट बसण्याची जागा आणि सेवा देतात, म्हणून ते बाटलीबंद पाण्यावर एमआरपीपेक्षा जास्त घेऊ शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच म्हटलं आहे. “एमआरपीपेक्षा जास्त घेता येत नाही,” असं ठणकावून आपण मॅनेजरला हसायची संधी देतो आणि खरे मुद्दे मागे पडतात. बसताक्षणी साधं पाणी मागावं, हा त्यावर उपाय.

मी फोन केला. मॅनेजर नम्र होता. “मॅडम, सॉफ्टवेअर नवीन आहे, सर्व्हिस चार्ज आपोआप लागतो.” सूचनांमध्ये नेमकं ते आपोआप लागणंच बंद केलंय, असं मी सांगितल्यावर तो थोडा थांबला आणि यूपीआय नंबर मागितला. सर्व्हिस चार्ज संध्याकाळी मैत्रिणीच्या खात्यावर परत आला. बशीबद्दल त्याचं म्हणणं, “तुम्ही खाल्लीत ना?” माशाबद्दल काहीच नाही. कराबद्दल विचारल्यावर “आमचे सीए बघतात,” आणि फोन बंद.

मैत्रिणीचं म्हणणं होतं, “जाऊ दे ना गं, आले ना थोडे परत.” तिला वाटत होतं, तिने दिलेल्या जेवणावरून मी भांडतेय. तिला समजवायला मॅनेजरपेक्षा जास्त वेळ लागला. शेवटी तिच्याच नावाने राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवली, पैसे तिने भरले होते म्हणून. बिलाचा फोटो आणि कार्डाची पावती जोडली. पोर्टलवरच्या ‘कंपोझिशन’ नोंदीचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवलाच होता, तोही जोडला. हेल्पलाइनवर काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही.

रिव्ह्यू तिने बदलला. जेवणाबद्दलचं कौतुक तसंच ठेवलं, खाली बिलाचा फोटो टाकला आणि तारे दोन केले. कराच्या तक्रारीवर अजून उत्तर आलेलं नाही.