एक्सप्रेस ५, सात महिन्यांनंतर: हरवलेले पॅरामीटर कुठे कुठे सापडले

ऑर्डर घ्यायचं आमचं छोटंसं ॲप एक्सप्रेस (नोड.जेएसवर वेब सर्व्हर लिहायचं फ्रेमवर्क) ४ वरून ५ वर आणलं, त्याला सात महिने झाले. चौथी आवृत्ती २०१४ ची, पाचवी आली २०२४ मध्ये. दहा वर्षांत हाताला बसलेली वळणं एका आठवड्यात मोडायची म्हणजे ताप होणारच होता, फक्त तो कुठून चढेल हे माहीत नव्हतं.

पहिल्याच दिवशी डिलिव्हरीचा शेरा सेव्ह करणारा रूट (ठरावीक पत्त्यावर आलेली विनंती हाताळणारा कोड) कोसळला. रेक.बॉडी, म्हणजे विनंतीसोबत आलेला मजकूर, अनडिफाइन्ड. चौथ्या आवृत्तीत पार्सर (तो मजकूर वाचून ऑब्जेक्ट बनवणारा भाग) लावलेला असला की बॉडी वाचता आली नाही तरी निदान रिकामं ऑब्जेक्ट मिळायचं. पाचवीत तेही नाही. मी आधी फ्रेमवर्कला शिव्या घातल्या, मग ब्राउझरचा नेटवर्क टॅब उघडला. पेलोडमध्ये शेरा व्यवस्थित दिसत होता: 'गेटवर ठेवा'. पण कंटेंट-टाइप टेक्स्ट/प्लेन! फेचला नुसती जेसनची स्ट्रिंग दिली आणि हेडर लावला नाही, की ब्राउझर हेच करतो, आणि एक्सप्रेस.जेसन हा पार्सर अशा बॉडीकडे ढुंकूनही बघत नाही. म्हणजे जुन्या आवृत्तीत हे शेरे कित्येक महिने गुपचूप कोरे सेव्ह होत होते. 'सांगूनही ऐकत नाहीत' ही ग्राहकांची तक्रार आम्ही डिलिव्हरीच्या पोरांवर ढकलत होतो. त्या पोरांना नंतर चहा पाजला.

दुसरी गोष्ट मात्र उलटी, आणि तिचा राग अजून गेलेला नाही. यादीच्या फिल्टरसाठी आमच्या यूआरएलमध्ये फिल्टर[शहर]=नाशिक असं जायचं. आता क्वेरी पार्सर (यूआरएलमधला प्रश्नचिन्हानंतरचा भाग वाचणारा) डिफॉल्टने 'सिंपल' असतो, त्यामुळे चौकटी कंसासकट ते सगळं एकच सपाट नाव होतं आणि रेक.क्वेरी.फिल्टर मिळतच नाही. एरर नाही, लॉग नाही. नाशिक निवडलं तरी सगळ्या शहरांच्या ऑर्डर दिसायच्या. दोन दिवस मी डेटाबेसची क्वेरी उसवत बसलो. उपाय एका ओळीचा: 'क्वेरी पार्सर' सेटिंग 'एक्स्टेंडेड' करायचं. फॉर्म वाचणाऱ्या यूआरएल-एन्कोडेडचंही डिफॉल्ट असंच बदललंय, तेही तेव्हाच बघून घ्या.

राउटिंगचा त्रास त्या मानाने कमी. नुसता तारा (*) लिहिलेले रूट आता चालत नाहीत, त्याला नाव द्यावं लागतं. पण ॲप सुरू होतानाच एरर येतो, त्यामुळे तासाभरात उरकलं. '/ऑर्डर्स/:आयडी' वर आणि '/ऑर्डर्स/शोध' खाली लिहिलं, तर 'शोध' हाच आयडी समजला जातो, हे पूर्वीसारखंच. ग्राहकाच्या रूटखाली ऑर्डर्सचा वेगळा राउटर (रूटचा गट) जोडला तर वरचा ग्राहक-आयडी खाली पोचत नाही, हेही तसंच. राउटर बनवताना मर्ज-पॅरम्स ट्रू करावं लागतं. मी हे तिसऱ्यांदा विसरलो. आता मॉनिटरला चिठ्ठी चिकटवली आहे.

एक केस एक्सप्रेसच्या माथी मारू नये अशी. मोबाइल नंबरने शोधलं की कधी ग्राहक सापडायचा, कधी नाही. लॉगमध्ये नंबर अवतरणचिन्हांत छापून पाहिला तेव्हा ' 91' ने सुरू होणारा दिसला, पुढे एक जागा सुटलेली. क्वेरीतल्या अधिक चिन्हाचा स्पेस होतो. एन्कोड-यूआरआय-कॉम्पोनंट (अशी चिन्हं सुरक्षित रूपात बदलणारं फंक्शन) मधून पाठवल्यावर प्रश्न मिटला. अवतरणचिन्हं नसती तर ती मोकळी जागा मला आजही दिसली नसती.

असिंक हँडलरमधला एरर आता आपोआप एरर-हँडलरकडे जातो. तेवढ्या एका सोयीसाठी मी परत ४ वर जाणार नाही. आमचं हिशेबाचं जुनं ॲप मात्र अजून तिथेच आहे. त्यात रेक.पॅरम() (नाव दिलं की रूट, बॉडी, क्वेरी यांत शोधून पॅरामीटर देणारं फंक्शन) जागोजागी वापरलंय, ५ मध्ये ते काढूनच टाकलंय, आणि कुठला पॅरामीटर बॉडीतून येतो नि कुठला क्वेरीतून, हे ज्याला माहीत होतं तो सहकारी नोकरी सोडून गेला.