खादीचा तिरंगा, तीन बाय दोन फूट: धरण्यात वापरून बघितला, मग रिव्ह्यू लिहिला

झेंड्याचा पण कोणी रिव्ह्यू लिहितं का, असं नवरा विचारत होता. कुकरचा लिहितात, मिक्सरचा लिहितात, मग ज्याच्यासाठी मी पॉलिस्टरवाल्याच्या पाच-सहापट पैसे मोजले त्याचा का नको.

सुरुवात मागच्या ऑगस्टपासून करते. तेव्हा ऑनलाइन पॉलिस्टरचा मागवला होता, काठीसकट, दुसऱ्या दिवशी घरपोच. कोणाकडून ते लिहीत नाही. फोटोत एकदम फस्क्लास. हातात आल्यावर अण्णांनी (माझे सासरे, एजी ऑफिस म्हणजे सरकारी हिशोब तपासणारं ऑफिस, तिथून रिटायर, सगळी नोकरी दुसऱ्यांच्या हिशोबातल्या चुका काढण्यात गेली) चष्मा वर सारून चक्राच्या आऱ्या मोजल्या. बावीस. परत मोजल्या, बावीसच. चोवीस हव्यात हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. वरून चक्र गोल नाही, अंड्यासारखं, आणि मधली पांढरी पट्टी बाकी दोघींपेक्षा बोटभर बारीक. परत करायला गेले तर कारण निवडा म्हणे, आणि त्या यादीत ‘आऱ्या कमी’ असं काही नव्हतं. गेला कपाटात.

पॉलिस्टर बेकायदा आहे असं मात्र नाही हं, उगाच कोणाला टोकायला जाऊ नका. ध्वजसंहिता, म्हणजे झेंड्याचे सरकारी नियम, २००२ ची, तीत ३० डिसेंबर २०२१ ला बदल झाला आणि पॉलिस्टर, मशीनवर केलेला, सगळं चालायला लागलं. चोवीस आऱ्या मात्र तशाच आहेत.

आता यंदाची गोष्ट. आमची इथली ग्वाल्हेरची गल्ली होळीनंतर सीवरसाठी, म्हणजे गटाराच्या पाइपांसाठी, खोदली आणि तशीच सोडली. जुलैत पाऊस लागल्यावर तिथे जे झालं ते लिहीत नाही, एक बाई स्कूटीसकट पडल्या एवढंच सांगते. अर्ज झाले, फोन झाले, मग कॉलनीने ठरवलं की फूलबागला जाऊन धरण्याला बसायचं, पोलीस ठाण्यात कळवून, रीतसर. अण्णा म्हणाले तिरंगा घेऊन बसू, पण तो बावीस आऱ्यांचा नको, चांगला आणा.

म्हणून मी बाड्यावर, आमच्या इथल्या बाजारात, गेले, आतल्या गल्लीतलं खादीचं दुकान. दुकानदारकाकांनी आधी विचारलं, कुठे लावायचाय? म्हटलं, धरण्याला न्यायचाय. मला वाटलं तोंड वाकडं करतील, तर म्हणाले, मग नऊशे बाय सहाशेचा घ्या, त्याहून मोठा हातात पेलवत नाही. मापं मिलिमीटरमध्ये असतात आणि ठरलेली नऊच आहेत, सगळ्यात मोठा ६३०० बाय ४२००, सगळ्यात छोटा १५० बाय १००, सगळ्यांचं प्रमाण तीनास दोन. आपल्या देशात मानकं लिहायला लागले तेव्हा पहिला नंबर, आयएस १, झेंड्यालाच दिला हे मला त्या काउंटरवर कळलं. आणि असे मानकाप्रमाणे झेंडे शिवणाऱ्या संस्था देशात बोटांवर मोजण्याइतक्या, त्यातली एक आपल्या ग्वाल्हेरची, मध्य भारत खादी संघ. इतकी वर्षं इथे राहतेय, कधी ऐकलं नव्हतं, लाजच वाटली.

काकांनी झेंडा उलगडून ट्यूबलाइटसमोर धरला. चक्र दोन्ही बाजूंनी छापलेलं असतं, पण उजेडात धरलं तरी एकच दिसत होतं, आरीवर आरी बसलेली, कुठे सावली नाही. काठीकडच्या बाजूला जाड बदामी कापडाची पट्टी, त्यात दोरी ओवलेली, टोकाला लाकडाची खुंटी. शिलाई उलटीकडूनही सरळ. मी पण मोजल्या, चोवीस.

आता खोड्या. खादी जड असते. वारा नसला तर फडकत नाही, बाल्कनीत वाळत घातलेल्या टॉवेलसारखी लोंबते. भिजली की वाळता वाळत नाही. घडीच्या सुरकुत्या पडतात. आणि किंमत, ते आधीच बोलले. अर्धा स्टार तिथेच कापला.

धरण्याच्या आदल्या दिवशी समोरचे काका अण्णांकडे आले. सरकारी ऑफिसविरुद्ध बसायचं आणि हातात तिरंगा, हे शोभतं का तुम्हाला, हा अपमान नाही का? अण्णा चिडले नाहीत, आत जाऊन प्रिंटआउट घेऊन आले (हो, काढून ठेवलं होतं). १९७१ चा कायदा आहे, राष्ट्रीय सन्मानाच्या अपमानाबद्दलचा, झेंडा जाळला, फाडला, तुडवला तर तीन वर्षांपर्यंत कैद. पण त्यातच खाली स्पष्टीकरण दिलंय की संविधानावर, झेंड्यावर किंवा सरकारच्या कामांवर टीका केली, आणि कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केली, तर तो गुन्हा नाही. म्हणजे आम्ही झेंड्यावर टीकासुद्धा करत नव्हतो, गटारावर करत होतो. काका म्हणाले, कायदा वेगळा आणि मन वेगळं. ते पण खरंच आहे, मला त्यांचा राग नाही आला, त्यांचा भाऊ फौजेत होता.

पण अण्णांनी सुनावलं ते मला पटलं. १९२३ मध्ये जबलपूरला आणि नागपूरला लोक झेंडा हातात घेऊन रस्त्याने निघाले तेवढ्यावरून पकडले जात होते, झेंडा सत्याग्रह तो. तेव्हा त्यावर चरखा होता, चक्र नंतर आलं, २२ जुलै १९४७ ला संविधान सभेत. हा झेंडा मोर्च्यातूनच आलाय, मोर्च्यात न्यायला लाज कसली? आणि घरावर, कारखान्यावर रोज लावायचा हक्कसुद्धा एका कारखानदाराला कोर्टात भांडून मिळवावा लागला, रायगढचा कारखाना, तेव्हाचा आपलाच मध्य प्रदेश, सुप्रीम कोर्टाचा निकाल २३ जानेवारी २००४ चा. कोर्ट म्हणालं झेंडा लावणं हे पण म्हणणं मांडणंच आहे. माझा दीर अमेरिकेत डॅलसला असतो, तो म्हणतो तिकडे तर झेंडा जाळला तरी चालतो, १९८९ मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार असं ठरवलं. असेल बाबा. आपल्याकडे नाही चालत, आणि आम्हाला जाळायचा नव्हताच, रस्ता हवा होता.

प्रत्यक्ष धरण्यात काय काय झालं ते ऐका. कॉलनीतला एक पोरगा स्केचपेन घेऊन आला, पांढऱ्या पट्टीवर ‘रस्ता दो’ लिहितो म्हणे. अण्णांनी हात धरला, झेंड्यावर काही लिहिणं हेच अपमानात मोडतं, पुठ्ठ्यावर लिही. दुसऱ्याने कमरेला गुंडाळायला घेतला, तो पण सोडवला. मग एका पार्टीचे भैया आपला झेंडा घेऊन शेजारी उभे राहिले, यांची काठी आमच्यापेक्षा वीतभर उंच. अण्णा म्हणाले, खाली घ्या. ते म्हणाले, अंकल आम्ही तुमच्याच साइडने आहोत. अण्णा म्हणाले, साइड कुठलीही असो, काठी खाली. घेतली बिचाऱ्यांनी. पोलिसवाल्यांनी बांबू नको सांगितलं होतं म्हणून आमचा प्लास्टिकच्या पाइपवर होता, तो थोडा वाकत होता, पण झेंडा जमिनीला टेकला नाही.

दुपारी पाऊस आला, झोडपून. खादी भिजून एवढी जड झाली की दोघांनी आलटून पालटून धरली, पण एक टाका उसवला नाही, रंग एकमेकांत उतरला नाही. आणि तेव्हा बघितलं तर माझा पोरगा कपाटातला तो बावीस आऱ्यांचा घेऊन आलेला, न विचारता, तो काठीच्या बाजूने टरकन फाटला होता.

खादीवाला घरी आणून दोन दिवस पंख्याखाली ठेवला, इस्त्री केली, परत नवाच. साडेचार स्टार, डोळे मिटून घ्या. दुकानदारकाकांना पाच. रस्त्याला एक, मुरूम टाकून गेलेत.

फाटलेला झेंडा कचऱ्यात टाकायचा नसतो, संहितेत लिहिलंय की एकांतात, मान राखून, शक्यतो जाळून पूर्ण नष्ट करायचा. अण्णांनी रात्री गच्चीवर घमेल्यात ठेवला, आम्ही तिघं उभे राहिलो, काडी लावली. खादीची राख झाली असती. हा वितळला, थेंब थेंब गळला, घाण वास सुटला आणि तळाला काळा गोळा होऊन चिकटला. अण्णांनी उलथन्याने खरवडून बघितलं, निघेना. घमेलं अजून गच्चीवरच पडलंय, कोणी हात लावायला तयार नाही, आणि त्या गोळ्याचं काय करायचं ते संहितेत कुठेच सापडत नाहीये.