फुकट गेम की विकत गेम: नागपुरात बसून कोणता बनवावा?

दोन-तीन जणांची टीम, एक बरी कल्पना आणि घरच्यांनी दिलेली वर्ष-दीड वर्षाची मुदत. आयटी पार्कजवळच्या चहाच्या ठेल्यावर अशी पोरं नेहमी भेटतात. प्रश्न ठरलेला: भाऊ, मोबाइलवर फुकट काढू की स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाइन दुकानात, विकत? मी दोन्ही करून बसलोय, म्हणून लिहितो.

आधी वरवरचा हिशेब. प्लेस्टोरचं खातं २५ डॉलरचं, तेही एकदाच. स्टीमवर प्रत्येक गेममागे १०० डॉलर. गेमनं हजार डॉलर कमावले की ते परत मिळतात. गेममधल्या खरेदीवर गूगल वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरपर्यंत १५ टक्के कापतं, स्टीम ३० टक्के. मोबाइल स्वस्त दिसतो. पण या आकड्यांवर निर्णय घेऊ नका. खरा फरक असा की विकतच्या गेमचा पैसा दारात वसूल होतो, आणि फुकटच्या गेमचा आत, खेळता खेळता.

म्हणजे काय, ते आमच्या पहिल्या गेममध्ये कळलं. संत्र्यांच्या पेट्या ट्रकवर रचायच्या, एवढाच खेळ. पेटी घसरली की हरलात. तिथूनच पुढे खेळायचं तर जाहिरात बघा. एकदा सीताबर्डीहून खापरीच्या मेट्रोत समोरचा शाळकरी पोरगा तोच गेम खेळताना दिसला. छाती फुगली माझी. पेटी पडली, जाहिरात आली. पोरानं शांतपणे डेटा बंद केला, गेम पुन्हा उघडला आणि मजेत खेळत बसला. हुशार पोट्टा! आम्ही काय करावं? पुढच्या अपडेटमध्ये नेट नसेल तर गेम उघडणारच नाही, अशी तजवीज केली. तरी कमाई वाढेना, तेव्हा सातव्या लेव्हलच्या पेट्या मुद्दाम जास्त निसरड्या केल्या. लोक हरले की जाहिरात लागते ना! चित्रं तीच, संगीत तेच. गेम मात्र नासला, आणि नासवणारे आम्हीच.

फुकट म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. व्हिएतनामच्या डाँग न्गुएन यांचा ‘फ्लॅपी बर्ड’ छोट्या जाहिरातपट्टीवर चालला आणि दिवसाला ५० हजार डॉलर कमावत असल्याच्या बातम्या आल्या. डाव काही सेकंदांचा, त्यामुळे पट्टी कोणाला खुपली नाही. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच तो काढून घेतला, हा भाग वेगळा.

आता विकतचा गेम. इथे वेळ जातो, आणि वेळ म्हणजे घरभाडं. ‘स्टारड्यू व्हॅली’ एरिक बॅरोन यांनी एकट्यानं बनवला, साडेचार वर्षं लागली. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ २०१७ मध्ये किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ वर्गणी घ्यायच्या साइटवर, पैसे उभे करू शकला नाही. बाजारात आला २०२० मध्ये. तुमचं गणित मांडून बघा: तिघं जण, महिना २५ हजारांवर भागवणारे, १८ महिने. साडेतेरा लाख झाले. भारतात ४९९ रुपये किंमत ठेवली तर जीएसटी आणि स्टीमचा वाटा जाऊन हाती साधारण २९६ रुपये पडतात. म्हणजे नुसता खर्च निघायला साडेचार हजारांवर प्रती खपायला हव्यात, आणि त्याही सेलमध्ये स्वस्त न करता. परदेशातली किंमत जास्त असते, म्हणून तिथल्या गिऱ्हाइकाशिवाय जमत नाही.

विकतच्या गेमलाही पैशाचा वास लागतोच. स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो. दीड तासाची सुरेख गोष्ट लिहिलीत, तर लोक संपवूनही परत करू शकतात. मग गोष्ट उगाच ताणायचा मोह होतो.

आधी किंमत घ्यायची आणि आत पुन्हा दुकान मांडायचं, हे तर करूच नका. २०१७ मध्ये ‘बॅटलफ्रंट २’ या विकतच्या गेमवर खेळाडू इतके उखडले की तो काढणाऱ्या ईएसारख्या बड्या कंपनीला बाजारात येण्याच्या तोंडावर आतली खरेदी थांबवावी लागली. पैसे लावून खेळायच्या गेमचा रस्ता ऑगस्ट २०२५ च्या कायद्यानं बंदच झालाय.

माझं मत विचाराल तर कल्पनेकडे बघा. व्हरायटी चौकात सिग्नल सुटेपर्यंत एक डाव होत असेल, तर मोबाइल. पण समजा तुम्ही मारबतीच्या, म्हणजे आपल्या नागपूरच्या पुतळ्यांच्या मिरवणुकीवर गेम करताय: अरुंद गल्ली, डोलणारा बडग्याचा पुतळा, ‘घेऊन जा गे मारबत’चा गलका. त्यात मध्येच कपड्यांच्या सेलची जाहिरात? तो विकतच काढा. हाताशी सहा महिन्यांचेच पैसे असतील, तर आठवड्यातले तीन दिवस बाहेरच्या स्टुडिओंची चित्रं, मॉडेलं करून द्या आणि उरलेल्या दिवसांत पाऊण तासाचा डेमो उभा करा. स्टीमचं पान मात्र लवकर उघडा, म्हणजे विशलिस्ट, ‘आला की घेऊ’ म्हणणाऱ्यांची यादी, जमत राहते.

मोबाइलच ठरला, तर एक अडचण आधीच सांगतो. नवीन वैयक्तिक खात्याला प्लेस्टोरवर गेम सगळ्यांसाठी खुला करण्याआधी किमान १२ जणांची सलग १४ दिवस चाचणी दाखवावी लागते. वीस जणांना गळ घाला. दोन मावसभाऊ तिसऱ्या दिवशीच गेम काढून टाकतील.